नवा टायर, जुना डास : आयातविषयक विलगीकरण-नियमांची एक चिकित्सा

प्रस्तावना

विलगीकरण या शब्दाचा खरा परिचय सिंधुदुर्ग जिल्ह्याला २०२० साली झाला. मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्याला गावच्या शाळेत चौदा दिवस ठेवावे की घरी पाठवावे, यावरून वाड्यावाड्यांत वाद झाले. त्या वर्षीच्या गणेशोत्सवासाठी हा काळ दहा दिवसांवर आणण्यात आला. माणसाच्या विलगीकरणाची चर्चा त्यानिमित्ताने भरपूर झाली. वस्तूच्या विलगीकरणाची चर्चा मात्र आपल्याकडे आंबा बागायतदार व निर्यातदार यांच्या वर्तुळापलीकडे फारशी गेलेली नाही. वास्तविक या संकल्पनेचा उगमच बंदरात आहे. रागुसा, म्हणजे आजचे दुब्रोव्निक, या बंदराने १३७७ साली प्लेगग्रस्त भागातून येणाऱ्यांना तीस दिवस बाहेर थांबविण्याचा नियम केला. पुढे तीसचे चाळीस झाले आणि इटालियन भाषेतील ‘चाळीस’ या संख्येवरून ‘क्वारंटाइन’ हा शब्द रूढ झाला.

प्रस्तुत लेखात टायर या वस्तूसंबंधीच्या नियमांचा विचार केला आहे. प्रस्तुत लेखक कायद्याचा अभ्यासक नाही. नियम हीदेखील एक संहिता असते, तिच्यातील विशेषणे कोणाला आत घेतात व कोणाला बाहेर ठेवतात हे तपासता येते, एवढ्याच भूमिकेतून हे वाचन केले आहे.

टायर आणि डास

टायरसारख्या निर्जीव वस्तूला विलगीकरण कशासाठी, हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर टायरच्या आकारात आहे. टायर आडवा ठेवा, उभा ठेवा वा तिरका टेकवा, त्याच्या पोकळीत पावसाचे पाणी राहतेच; आणि ते पूर्णपणे ओतून टाकणे हे ज्याने प्रयत्न केला आहे त्यालाच ठाऊक. आतील भाग काळोखा असतो, पाला-पाचोळा त्यात कुजतो. एडीस जातीच्या डासाची मादी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, आतील भिंतीला अंडी चिकटविते. ही अंडी कोरड्या अवस्थेत कित्येक महिने टिकतात व पाण्याचा स्पर्श झाला की फुटतात. म्हणजे टायर कोरडा दिसला तरी तो रिकामा असेलच असे नाही.

१९८५ साली अमेरिकेतील टेक्सास राज्यात ह्यूस्टन परिसरात एडीस अल्बोपिक्टस हा आशियाई पट्टेरी डास मोठ्या प्रमाणावर आढळला. जपानमधून आलेल्या वापरलेल्या टायरांशी त्याचा संबंध जोडण्यात आला. १९९० साली इटलीत जिनोआ येथे हाच डास पोहोचला. अमेरिकेने १९८८ पासून आशियातून येणारे वापरलेले टायर कोरडे, स्वच्छ व कीटकमुक्त असल्याची अट घातली. संहिता म्हणून ही अट नेटकी आहे. तिन्ही विशेषणे तपासता येण्याजोगी आहेत. परंतु ‘आशियातून’ आणि ‘वापरलेले’ या दोन शब्दांनी तिने स्वतःचे हात बांधून घेतले. अट लागू झाली तेव्हा डास देशात आलेलाच होता, आणि देशांतर्गत टायर-वाहतुकीबरोबर तो महामार्गांच्या कडेने एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पसरत होता. बंदरावरील नियमाने त्याला अडविण्याचे कारणच नव्हते.

‘नवा’ या विशेषणाचे काय?

ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील जैवसुरक्षा-व्यवस्थेत वापरलेल्या टायरांवर कडक अटी असून नव्या मालाकडूनही तो माती, बी-बियाणे, कीटक व साचलेले पाणी यांपासून मुक्त असण्याची अपेक्षा केली जाते. नव्या टायराला सौम्य वागणूक देण्यामागील तर्क सरळ आहे. तो कारखान्यातून छपराखाली येतो, बंद कंटेनरमधून प्रवास करतो, त्यात पाणी साचण्याची वेळच येत नाही. हा तर्क योग्य आहे. मात्र त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती अशी की नवेपणा हा टायरचा गुण आहे. प्रत्यक्षात तो साठवणुकीचा गुण आहे. रस्त्यावर एक मैलही न धावलेला टायर जूनच्या पहिल्या आठवड्यात दुकानाबाहेर रचून ठेवला, तर व्यापाऱ्याच्या वहीत तो नवाच राहतो. डासाला मात्र वही वाचता येत नाही.

या भेदाची सर्वांत गंभीर परीक्षा जागतिक व्यापार संघटनेपुढील ब्राझील-युरोप वादात झाली. रिट्रेड केलेल्या, म्हणजे जुन्या सांगाड्यावर नवा थर चढविलेल्या टायरांची आयात ब्राझीलने बंद केली होती. असे टायर लवकर कचऱ्यात जातात आणि कचऱ्यातील टायर डेंग्यू, पीतज्वर यांच्या डासांना जागा देतात, असा ब्राझीलचा युक्तिवाद होता. ३ डिसेंबर २००७ रोजी अपील मंडळाने दिलेल्या निर्णयात आरोग्यरक्षणासाठी ही बंदी ‘आवश्यक’ ठरू शकते हे मान्य केले. तरीही ब्राझील हरला, कारण शेजारच्या मर्कोसुर गटातील देशांना त्याने सूट दिली होती आणि न्यायालयीन आदेशांच्या आधारे वापरलेले टायर देशात येतच होते. प्राथमिक मंडळाने या सवलतींतून येणारे प्रमाण अल्प आहे की मोठे यावर भर दिला होता. अपील मंडळाने ते नाकारले आणि विचारले की, या सवलतीचा मूळ उद्दिष्टाशी संबंध काय? शेजाऱ्याच्या टायरमधील डास वेगळा चावतो काय, हाच त्या प्रश्नाचा मराठी अनुवाद. आपल्या अभ्यासवर्गांत हा निर्णय बहुधा वाणिज्य शाखेत शिकविला जातो. मानव्यविद्यांच्या विद्यार्थ्यांनीही तो वाचावा असे आवर्जून सुचवावेसे वाटते.

भारतीय नियमांतील मौन

भारतात नव्या टायराच्या आयातीवर नियम नाहीत असे मुळीच नाही. २००९ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने वाहनांच्या टायर-ट्यूबना भारतीय मानकाचे चिन्ह सक्तीचे केले. १२ जून २०२० रोजी विदेश व्यापार महासंचालनालयाने नव्या टायरांची आयात ‘मुक्त’ गटातून ‘निर्बंधित’ गटात टाकली. टाकाऊ टायरांसाठी घातक कचरा नियम असून २०२२ च्या दुरुस्तीने उत्पादकांवर विल्हेवाटीची जबाबदारी आली. पहिला नियम दर्जाचा, दुसरा व्यापाराचा, तिसरा पर्यावरणाचा. डास यांपैकी एकाच्याही केंद्रस्थानी नाही.

दुसरीकडे २००३ चा वनस्पती विलगीकरण आदेश पाहावा. त्याचा विषय झाडे, बियाणे, माती व वनस्पतिजन्य पदार्थ. आयात मालाच्या लाकडी वेष्टनावरही त्याची नजर असते. लाकडाच्या गाभ्यात ५६ अंश सेल्सिअस उष्णता सलग तीस मिनिटे दिल्याची किंवा धुरीची खूण त्यावर असावी लागते. त्यामुळे नवा टायर लाकडी चौकटीवर बसून आला, तर खालच्या फळीचा विचार विलगीकरणाच्या नियमात होतो आणि वरच्या टायरचा होत नाही. फळीत भुंगा असू शकतो हे नियमकर्त्याला दिसले, याचे कारण त्या कायद्याची परंपरा शेतीची आहे. १९१४ च्या कीड-कायद्यापासून ती चालत आली आहे. माणसाच्या साथीचा कायदा १८९७ चा, मुंबईच्या प्लेगमधून जन्मलेला. त्याची नजर प्रवाशावर. टायर या दोन परंपरांच्या मधल्या जागेत पडला आहे. आंतरराष्ट्रीय आरोग्य विनियम, २००५ बंदराच्या सुविधांपासून किमान चारशे मीटर परिसरात रोगवाहक कीटकांचे नियंत्रण मागतात. टायर मात्र न्हावाशेवाहून निघून कणकवली-कुडाळपर्यंत येतो.

मग भारतानेही नव्या टायरांना बंदरावर विलगीकरण लावावे काय? माझे मत नकारार्थी आहे. एडीस इजिप्ती आणि एडीस अल्बोपिक्टस हे दोन्ही डास आपल्याकडे आधीच आहेत. दुसरा तर मूळचा आशियाचाच. पीतज्वर मात्र भारतात नाही, म्हणून त्या रोगाच्या प्रदेशातून येणाऱ्या वापरलेल्या टायरांबाबत दक्षता समजण्यासारखी आहे. कारखान्यातून कोरड्या आलेल्या नव्या टायरवर शिक्का मारणे हा केवळ विधी ठरेल, आणि त्याचा खर्च शेवटी रिक्षावाल्याच्या खिशातून जाईल.

हापूसने शिकविलेला धडा

याबाबत सिंधुदुर्गाचा स्वतःचा अनुभव मार्गदर्शक आहे. २०१३ मध्ये भारतातून युरोपात गेलेल्या फळे-भाज्यांच्या २०७ खेपांत फळमाशी व इतर किडी आढळल्या आणि १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने आंब्यासह अळू, कारली, पडवळ व वांगी यांची आयात थांबविली. ऐन हंगामातील ही बंदी देवगड-मालवणच्या बागायतदाराला अन्यायाची वाटली आणि तिच्या वेळेबाबत ती तशी होतीही. परंतु जानेवारी २०१५ मध्ये आंब्यावरील बंदी उठविण्याचा निर्णय झाला तो कशामुळे, हे पाहिले पाहिजे. तपासणी लंडनच्या विमानतळावरून मागे सरकून आपल्या पॅकहाउसपर्यंत आली. ४८ अंशांच्या पाण्यात साठ मिनिटे फळ ठेवण्याची प्रक्रिया रुळली. अमेरिकेसाठी २००७ पासून लासलगावला ४०० ग्रे मात्रेचे विकिरण आणि जपानसाठी उष्ण बाष्पप्रक्रिया आधीच सुरू झाली होती. बागेतील रक्षक सापळा हा त्या साखळीचा पहिला दुवा. या साखळीचा बोजा लहान बागायतदाराला पेलत नाही, ही तक्रार खरी आहे व तिचा स्वतंत्र विचार व्हावयास हवा. तथापि तत्त्व असे दिसते की, जेथे कीड वस्तूत शिरते तेथे विलगीकरण असावे. आंब्यात माशी बागेत शिरते, म्हणून नियम बागेकडे आला. टायरमध्ये डास शिरतो तो आयातीनंतर, दुकानाच्या अंगणात आणि समुद्रकिनाऱ्यावर.

मालवणचा किनारा

१ जून ते ३१ जुलै या काळात मासेमारी बंद असते. होड्या वर ओढल्या जातात, शाकारल्या जातात. धक्क्यावर आपटू नये म्हणून त्यांच्या कुशीला बांधलेले टायर तसेच लोंबत राहतात, काही काढून वाळूत टाकले जातात. समुद्रात असताना खारे पाणी व सततची हालचाल यांमुळे त्यांत डासाला थारा नसतो. नेमक्या याच दोन महिन्यांत त्यांत पावसाचे गोडे पाणी भरते. छपरावरील प्लास्टिक वाऱ्याने उडू नये म्हणून ठेवलेले टायर वेगळेच. आतल्या बाजूला दोडामार्ग तालुक्यात रबराच्या बागा आहेत. तेथे चीक धरण्यासाठी झाडाला लावलेल्या वाट्यांत पावसाचे पाणी साचते आणि केरळच्या अनुभवावरून एडीस अल्बोपिक्टसला ती जागा प्रिय आहे. रबर झाडावर असताना जो डास सोबत असतो, तोच टायर टाकाऊ झाल्यावर पुन्हा भेटतो. मधल्या काळातील सगळे कायदे त्याच्याविषयी गप्प आहेत.

येथे एक कबुली देणे भाग आहे. हा लेख ज्या महाविद्यालयात लिहिला गेला, त्याच्या वाहनतळामागे तीन टायर दोन पावसाळे पडून होते आणि शेजारच्या वर्गात आम्ही पर्यावरणशास्त्राचा अनिवार्य पेपर शिकवीत होतो. गेल्या सप्टेंबरात एक विद्यार्थिनी डेंग्यूने आजारी पडून बांबोळीच्या रुग्णालयात दाखल झाली. तिचा आजार त्याच टायरांतून आला असे म्हणण्यास कोणताही पुरावा नाही. टायर मात्र त्यानंतरच हलविले गेले.

नव्या टायरासाठी नियम हवाच असेल तर तो विक्रेत्याच्या परवान्यात असावा : माल छपराखाली, कोरडा, उघड्यावर ठेवल्यास झाकलेला. होडीच्या टायरसाठी तर कायद्याचीही आवश्यकता नाही. तळाशी बोटभर रुंदीची दोन भोके पाडली की पाणी थांबत नाही आणि धक्क्याचा मारही तो पूर्वीइतकाच सोसतो. मे महिन्याच्या अखेरीस, होड्या वर ओढण्यापूर्वी, ग्रामपंचायत आणि मच्छीमार सोसायटी यांनी मिळून हे काम केले तर एका किनाऱ्याला दोन दिवस पुरतील. आमच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकाने येत्या मे महिन्यात दांडी किनाऱ्यावर त्याची सुरुवात करावी, असा प्रस्ताव मी दिला आहे.