'मत्थलुंग' आणि मेंदू : अर्थनिर्णयाचा एक प्रश्न

'जीवकाने मेंदूची शस्त्रक्रिया केली' हे विधान मराठी बौद्ध लेखनात वारंवार आढळते. मूळ पालि संहितेशी ते ताडून पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

विनयपिटकातील महावग्गाच्या चीवरक्खन्धकात राजगृहाच्या श्रेष्ठीची कथा आहे. सात वर्षे तो शिरोवेदनेने पीडित होता. जीवकाने त्याच्या मस्तकाची त्वचा छेदली, 'सिब्बिनी' विलग केली, दोन कृमी बाहेर काढले, सिब्बिनी पूर्ववत जुळवली, त्वचा शिवून लेप लावला. सिब्बिनी म्हणजे कवटीच्या हाडांची जोडरेषा. मराठी 'शिवण' याच धातूचा वंशज होय. 'मत्थलुंग' म्हणजे मेंदू. हा शब्द येथे येतो, पण तो केवळ धोका सांगण्यासाठी : कृमी आत राहिले असते, तर पाचव्या किंवा सातव्या दिवशी त्यांनी मत्थलुंग नष्ट केले असते. शस्त्र मेंदूस लागल्याचे संहिता सांगत नाही. कवटी उघडून पुन्हा मिटवण्याचे वर्णनच पुरेसे विलक्षण आहे. त्यावर अतिशयोक्तीचे कलम करण्याचे प्रयोजन काय?

दुसरा प्रमाद अधिक सूक्ष्म आहे. आज 'मेंदू' म्हणताच आपल्या मनात विचार आणि स्मृती उभ्या राहतात. पालि 'मत्थलुंग' शब्दात ही छटा नाही. मज्झिमनिकायातील सतिपट्ठानसुत्तात शरीराचे 31 भाग सांगितले आहेत, त्यांत मत्थलुंग नाही. खुद्दकपाठात ते धरून 32 होतात. विसुद्धिमग्गात बुद्धघोषाचार्य त्याचा समावेश अस्थिमज्जेत करतात, त्याचा वर्ण अळंबीच्या गोळ्यासारखा पांढरा सांगतात आणि कवटीत एकत्र ठेवलेल्या पिठाच्या चार गोळ्यांची उपमा देतात. हे निरीक्षण आहे. मनोव्यापाराचा सिद्धान्त नव्हे.

मनाचा आश्रय म्हणून अट्ठकथा 'हदयवत्थु'चे, म्हणजे हृदयाचे, नाव घेतात. काही आधुनिक निरूपणकार हदयवत्थूचाच अर्थ 'मेंदू' असा करतात. बुद्धघोषांनी हदयाचे स्थान छातीत सांगितले असल्यामुळे हा अर्थ टिकत नाही. मात्र अभिधम्मातील पट्ठान ज्या रूपाच्या आश्रयाने मनोविज्ञान प्रवर्तते, त्याचा केवळ निर्देश करते. अवयवाचे नाव घेत नाही. मूळ ग्रंथाने जे मोकळे सोडले, ते अट्ठकथेने हृदयाने भरले. आपण ते मेंदूने भरून पुन्हा बुद्धवचनाच्या नावावर का घालावे?

आमचे म्हणणे इतकेच. 'मत्थलुंग'चे भाषांतर 'मेंदू' असेच करावे, परंतु त्या शब्दाचे आजचे ओझे प्राचीन संहितेवर लादू नये. अट्ठकथाकारांचे शरीरज्ञान त्यांच्या काळाचे होते, हे मान्य करण्यात धम्माला उणेपणा नाही. बुद्धिप्रामाण्य आपल्या आवडत्या विधानांनाही लागू करावे लागते. अन्यथा ज्या पोथीनिष्ठेचा आपण त्याग केला, तीच विज्ञानाचा वेष घेऊन परत येईल.