ब्राउझरमधील आलेख आणि स्मृतिगळती : पायप्लॉटची एक चिकित्सा

पायथॉन भाषेतून आलेख काढण्याचा परिपाठ महाविद्यालयीन प्रयोगशाळांत आता रुळला आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील फॉसी प्रकल्पाचा आणि स्पोकन ट्यूटोरियल उपक्रमाच्या मराठी ध्वनिमुद्रणांचा या प्रसारात मोठा वाटा आहे. आलेख काढावा कसा, हे त्यामुळे पुष्कळांना अवगत झाले. काढलेला आलेख संगणकाच्या स्मृतीतून मोकळा कसा करावा, याकडे मात्र अध्यापनात दुर्लक्ष होते. प्रस्तुत लेखात मॅटप्लॉटलिब या प्रणालीच्या पायप्लॉट या अंगाची त्या दृष्टीने चिकित्सा केली आहे.

मॅटप्लॉटलिबचे जनक जॉन हंटर (१९६८-२०१२) हे मज्जाविज्ञानाचे अभ्यासक होते. अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतील विद्युतसंकेत तपासताना त्यांना मॅटलॅबसारखी सुटसुटीत आज्ञापद्धती पायथॉनमध्ये हवी होती. या पद्धतीत ‘रेषा काढ’ एवढेच सांगावयाचे. ती कोणत्या आलेखात काढावयाची, हे प्रणाली स्वतः ठरवते. असे ठरविता यावे म्हणून पायप्लॉट आपण उघडलेल्या प्रत्येक आलेखाची नोंद स्वतःजवळ ठेवते. ही नोंदवही हेच स्मृतिगळतीचे, म्हणजे मेमरी लीकचे, उगमस्थान होय.

एक उदाहरण घेऊ. लासलगाव बाजार समितीतील कांद्याचे दररोजचे किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर घेऊन विद्यार्थी ज्युपिटर नोटबुकमध्ये आलेख काढतो. साध्या, स्थिर पद्धतीत सेलचे काम संपताच आलेख आपोआप बंद होतो व पानावर केवळ चित्र उरते. पुढे एखाद्या आठवड्याची घसरण मोठी करून पाहता यावी म्हणून तो एक ओळ बदलतो आणि आयपायएमपीएल या जोडसाधनाद्वारे आलेख परस्परसंवादी करतो. या एका ओळीने सारी व्यवस्था पालटते, आणि पडद्यावर तसे काहीच दिसत नाही. ब्राउझरात आता दिसते तेही चित्रच. माऊसची प्रत्येक हालचाल पायथॉनकडे जाते, तेथे आलेख नव्याने रेखाटला जातो आणि परत पाठविला जातो. म्हणून मूळ आलेख पायथॉनच्या स्मृतीत जिवंत ठेवणे भागच असते. सेल दहा वेळा चालविला आणि दर वेळी नवा आलेख मागितला, तर दहा आलेख जिवंत राहतात.

१२ × ८ इंचांचा, इंचाला २०० बिंदूंचा आलेख म्हणजे २४०० × १६०० बिंदू. प्रत्येक बिंदूस ४ बाइट धरल्यास केवळ चित्रपटलास सुमारे १५ एमबी लागतात. असे शंभर आलेख साचले की दीड जीबी स्मृती व्यापली जाते, विदा निराळीच. वीसपेक्षा अधिक आलेख उघडे राहिल्यास पायप्लॉट इशारा देते. तो इशारा बंद करण्याची सोयही आहे, आणि दुर्दैवाने तिचाच वापर अधिक होतो.

प्रचलित उपायांपैकी काही निरुपयोगी आहेत. चलाचे नाव पुसल्याने आपल्याकडील संदर्भ जातो, नोंदवहीतील जात नाही. कचरा-संकलन सक्तीने चालविणे याच कारणाने व्यर्थ ठरते, कारण ज्याचा संदर्भ कोठेतरी शिल्लक आहे ते त्याच्या लेखी कचरा नव्हेच. आलेख पुसण्याची आज्ञा आतला मजकूर काढते, नोंद तशीच ठेवते. क्लोज ही आज्ञाच ती नोंद काढते. त्याहून उत्तम म्हणजे एकच आलेख राखून त्यातील रेषेची विदा बदलणे. वेबसर्व्हरवर आलेख तयार करावयाचे असल्यास पायप्लॉट टाळून फिगर हा वर्ग थेट वापरावा, अशी शिफारस मॅटप्लॉटलिबच्या अधिकृत दस्तऐवजातच आहे.

निदान करताना प्रथम गेट फिगनम्स या आज्ञेने उघड्या आलेखांची संख्या पाहावी. ती स्थिर असूनही स्मृती वाढत असेल, तर एकाच आलेखात रेषांवर रेषा चढत आहेत काय ते तपासावे. नवा आलेख न मागता केवळ प्लॉट ही आज्ञा पुनःपुन्हा दिल्यास असे घडते. त्यानंतरच ट्रेसमॅलॉककडे (पायथॉन ३.४, २०१४) वळावे. आलेख बंद केल्यावर कार्यप्रणालीने दाखविलेला आकडा लगेच उतरला नाही, एवढ्यावरून गळती सिद्ध होत नाही. मोकळी झालेली जागा पायथॉन पुनर्वापरासाठी राखून ठेवू शकते. तीच कृती अनेकदा केल्यावर आकडा चढतच राहतो काय, ही खरी कसोटी.

प्लॉटलीसारख्या साधनांत आलेख प्रत्यक्ष ब्राउझरातच राहतो. तेथे शोध ब्राउझरच्या स्मृतिचित्रात घ्यावा लागतो, आणि पानावरून आलेख हटविण्यापूर्वी पर्ज ही आज्ञा द्यावी लागते.

हंटर यांच्या रचनेस सदोष म्हणणे अन्यायाचे होईल. ती घडली तेव्हा प्रत्येक आलेख स्वतंत्र खिडकीत उघडत असे. खिडकी बंद केली की नोंदही जात असे. वापरणाऱ्याच्या हाताची ती सवयच सफाईचे काम करीत होती. नोटबुकमध्ये आलेख वर सरकतो, दिसेनासा होतो आणि संपला असे वाटते. पान बंद केले तरी मागची पायथॉन प्रक्रिया चालूच राहते. आक्षेप आहे तो या बदलाविषयी मौन बाळगणाऱ्या अध्यापनावर. प्रात्यक्षिकात आलेख काढण्याची आज्ञा ज्या तासाला शिकविली जाते, त्याच तासाला क्लोज शिकवावी आणि नोटबुकच्या अखेरच्या सेलमध्ये उघड्या आलेखांची यादी छापून घ्यावी. ती रिकामी नसल्यास गुण कापण्यास हरकत नसावी.