अध्यात्म पश्चिमेत रुजेल का? आणि आपल्याकडे रुजलंय का?

(ढोकी येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला विषय दिला, ‘हिंदू अध्यात्म पश्चिमेत रुजेल का?’ मी हो म्हणून बसलो आणि मग अडचणीत आलो. कारण या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. आपलं कोठार भरलेलं आहे, आता फक्त माल बाहेर पाठवायचा बाकी आहे, असं ते गृहीतक. आज मला तेच तपासायचं आहे.

रुजणं म्हणजे काय, हे ढोकीच्या शेतकऱ्यांना मी सांगण्याची गरज नाही. पेरलं म्हणजे रुजलं असं नाही. उगवलं म्हणजे रुजलं असंही नाही. एका सरीवर सोयाबीन उगवतं, पंधरा दिवस उघडीप पडली की माना टाकतं आणि दुबार पेरणीची पाळी येते. मूळ खाली जाऊन ओल धरतं तेव्हा रुजलं म्हणायचं. अध्यात्माच्या बाबतीत ही ओल ओळखायच्या मी तीन कसोट्या धरतो. एक, ते तिथल्या माणसाच्या बोलीत बोलायला लागलं का? दोन, ते त्याच्या रोजच्या कामाधंद्यात उतरलं का? तीन, त्यामुळे माणसामाणसातलं नातं बदललं का?

आता आपल्या शेजारचं तेर घ्या. जुनं नाव तगर. साधारण पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवर्णनात तगरचा उल्लेख आहे. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर हे गाव, आणि इथलं कापड गाड्यांनी भडोचला जातं, असं तो सांगतो. तिथून पुढे माल जहाजाने रोमन जगात जायचा. तेरला एक हस्तिदंती स्त्रीप्रतिमा सापडली. इटलीत पॉम्पेईच्या राखेखाली १९३८ साली तशाच धर्तीची भारतीय घडणीची प्रतिमा निघाली. या दोन्हींतलं साम्य अभ्यासकांनी दाखवलेलं आहे. आपण अभिमानाने म्हणतो, आपली लक्ष्मी रोमला गेली! पण बरेच अभ्यासक म्हणतात की ती बहुधा आरशाची मूठ किंवा एखाद्या छोट्या मेजाचा पाय असावी. म्हणजे वस्तू पोहोचली, पण शोभेची म्हणून. पोहोचणं आणि रुजणं यांतला फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरं उदाहरण नामदेवांचं. तेरच्या गोरोबाकाकांनी संतांच्या डोक्यावर थापटणं मारून मडकं पक्कं की कच्चं ते पाहिलं, आणि नामदेव कच्चे निघाले, ही गोष्ट तुम्ही लहानपणापासून ऐकत आलात. पुढे नामदेव औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले. तिथे न थांबता ते उत्तरेत गेले आणि पंजाबात घुमानला त्यांचं दीर्घ वास्तव्य झालं. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत. २०१५ साली तिथे मराठी साहित्य संमेलन भरलं तेव्हा आपल्याकडच्या अनेकांना नव्याने कळलं की तिथली माणसं नामदेवांना ‘आमचे बाबा’ म्हणतात. आता कसोट्या लावा. नामदेव तिथल्या भाषेत बोलले. ते शिंपी, आणि तिथल्या कष्टकऱ्यांनी त्यांना आपलं मानलं. ज्या ग्रंथात त्यांची पदं गेली तो ग्रंथ लंगरच्या पंगतीत सगळ्यांना एका ओळीत बसवणाऱ्या समाजाचा. तिन्ही कसोट्या उतरल्या. तेव्हा परक्या मातीत रुजत नाही, असं काही नाही.

मग पश्चिमेचं काय? यासाठी मी आपल्या मराठीतलंच उदाहरण घेतो, निसर्गदत्त महाराजांचं. मूळ नाव मारुती कांबळी, घराणं मालवणकडच्या कांदळगावचं, मुंबईत विडीचं दुकान. १९३३ साली त्यांना सिद्धरामेश्वर महाराज भेटले. ते सोलापूर जिल्ह्यातल्या पाथरीचे, इंचगिरी संप्रदायातले. गुरू गेल्यावर मारुतीराव घर सोडून हिमालयाच्या वाटेला लागले होते. पण परत आले आणि पुन्हा दुकान, पुन्हा संसार. खेतवाडीतल्या घराच्या माळ्यावर ते शेवटपर्यंत लोकांशी बोलत राहिले, तेही मराठीत. १९७३ साली मॉरिस फ्रीडमन यांनी ध्वनिमुद्रणांवरून त्या संवादांचं इंग्रजी केलं. ‘आय अ‍ॅम दॅट’ हे ते पुस्तक. महाराज १९८१ साली गेले, पुस्तक आज जगभर वाचलं जातं.

हे रुजणं झालं का? पुस्तकाबद्दल मला आदर आहे, पण टीका करायची तर नीट करू. पहिली गोष्ट भाषेची. इंग्रजी पुस्तकात ‘कॉन्शसनेस’ आणि ‘अवेअरनेस’ असे दोन शब्द काटेकोर वेगळे ठेवले आहेत. सोय म्हणून ते चांगलं आहे. पण या विचारामागे दासबोधाचं वाचन आहे, जाणीव, नेणीव, विज्ञान अशी शब्दांची पिढ्यान्‌पिढ्यांची उठबस आहे. ती इंग्रजी वाचकाला दिसत नाही. त्याला निष्कर्ष मिळतो, त्यामागची वाट मिळत नाही.

दुसरी गोष्ट साधनेची. महाराजांच्या घरी नेमाने भजन चाले. ‘तू देह नाहीस’ असं सकाळी सांगणारा माणूस संध्याकाळी हातात टाळ घेऊन उभा राहायचा. अनेक पाश्चात्त्य वाचकांनी ज्ञान घेतलं आणि भजन ‘स्थानिक चालीरीत’ म्हणून बाजूला ठेवलं. मग ‘मी आधीच मुक्त आहे, करायचं काही उरलेलं नाही’ अशी दोन तासांच्या शिबिरात मिळणारी मुक्ती तयार झाली. भजन, दुकान, कुटुंब ही त्या ज्ञानाची माती होती. रोप उपटताना मुळांना लागलेली माती झटकून टाकली तर लावणी कशी लागणार?

पण इथे थांबलो तर अन्याय होईल. तो फ्रीडमन कोण होता, बघा. पोलंडमधल्या ज्यू कुटुंबात जन्मलेला अभियंता. भारतात आला, गांधीजींजवळ गेला, चरखा सुधारण्याच्या कामात पडला. औंध संस्थानच्या राजाने आपली सत्ता प्रजेच्या हाती दिली, त्या १९३९ च्या राज्यघटनेमागे गांधीजी आणि अप्पासाहेब पंतांबरोबर त्याचाही हात होता. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली, ती कल्पनाही त्याची. पुढे तिबेटी निर्वासितांसाठी तो झटला. १९७६ साली मुंबईतच गेला. या माणसाला तिन्ही कसोट्या लावा. भाषांतर करण्याइतका तो भाषेत शिरला, त्याच्या कामात ते उतरलं, आणि राजा-प्रजा, कैदी-समाज ही नाती बदलायला त्याने हात लावला. अध्यात्म पश्चिमेच्या माणसात रुजतं का, याचं उत्तर मला त्याच्या आयुष्यात मिळतं. रुजतं. पण त्याला आयुष्य द्यावं लागतं.

आता आपल्या अंगणात येऊ. चोखोबा चौदाव्या शतकात मंगळवेढ्याला गावकुसाच्या भिंतीखाली गेले. त्यांची समाधी पंढरपूरला महाद्वाराबाहेर आहे. बाहेर, आत नाही. आणि त्यांच्या समाजाला विठ्ठलाच्या पायापर्यंत जायला १९४७ चा मे महिना उजाडावा लागला, साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावं लागलं. म्हणजे सहाशे वर्षं आपण अभंग गात होतो आणि दार बंद होतं. मग तिसऱ्या कसोटीवर, सांगा, इथे काय रुजलं होतं? आजही गावोगाव सप्ताह होतात, मंडप दरवर्षी मोठा होतो. आनंद आहे. पण सप्ताहाच्या पंगतीला एकत्र बसलेले लोक आठव्या दिवशी एका स्मशानभूमीत एकमेकांना जागा देतात का, हे ज्याने त्याने आपापल्या गावात जाऊन पाहावं.

दुसऱ्याकडे बोट दाखवून मी सुटणार नाही. तीस वर्षांहून जास्त मी अद्वैत शिकवलं. दुष्काळाच्या एका वर्षी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या वडिलांनी शेतातच जीव दिला. मी भेटायला गेलो. आत्मा मरत नाही, असं काहीतरी मी बोललो. वाक्य शास्त्राला धरून होतं. पोराने मान खाली घालून ऐकलं. शेजारची एक म्हातारी माळकरी बाई होती, सही करता येत नव्हती तिला. ती तेरा दिवस त्या घरी भाकरी घेऊन येत होती. आणि चौदाव्या दिवशी दोन बाया सोबत घेऊन त्यांच्या रानात खुरपायला गेली, कारण तण कुणासाठी थांबत नाही. तिने एकही सिद्धांत सांगितला नाही. त्या दिवशी घरी परत येताना मला कळलं, माझं मडकं अजून कच्चं आहे.

म्हणून माझं उत्तर असं. रुजण्याला पूर्व-पश्चिम नसते. पंजाबात रुजलं, एका पोलिश अभियंत्यात रुजलं, त्या खुरपणाऱ्या बाईत रुजलं. आणि माझ्यासारख्या डॉक्टरेट मिळवलेल्या मराठी माणसात ते पुष्कळ वर्षं नुसतं उगवून उभं होतं. तेव्हा अमेरिकेत किती केंद्रं निघाली हे मोजत बसण्याआधी आपल्या आळीत पाहू या.

तेर जवळच आहे. गोरोबांच्या दर्शनाला जाल तेव्हा दुसरं काही मागू नका. ‘काका, माझ्या डोक्यावर एकदा थापटणं मारा,’ एवढंच म्हणा. आवाज कसा येतो, ते ज्याचं त्याला कळेल.