खाशाबांची कुस्ती राहूनच गेली

खाशाबा जाधवांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले, पण ते बहुतेक एकाच साच्याचे. कऱ्हाडजवळचे गोळेश्वर, पैलवान बाप, १९५२ च्या हेलसिंकीसाठी जमविलेली वर्गणी, राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी घर गहाण ठेवून दिलेले ७,००० रुपये, परतल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक. मग पोलिसांतली नोकरी, १९८४ सालचा अपघाती मृत्यू आणि मरणोत्तर अर्जुन पुरस्कार. वाचक डोळे पुसतो व पान उलटतो. गडी लढला कसा, हे मात्र क्वचितच वाचायला मिळते. (बैलगाड्यांचा आकडा प्रत्येकाला तोंडपाठ असतो!) पदक काही वर्गणीला मिळाले नव्हते.

वास्तविक गोष्टीचा गाभा १९४८ च्या लंडनमध्ये आहे. कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने गेलेला हा बावीस वर्षांचा मल्ल तोवर तांबड्या मातीतला. मातीत घाम जिरतो, पकड बसते, आणि पाठ लागली की निकाल लागला. गादीवर सारेच निराळे. घामाने अंग निसटते, डोक्यावर घड्याळ असते, आणि चीतपट झाली नाही तर पंचांचा कौल. अशा परक्या खेळात खाशाबा ५२ किलो वजनगटात सहावे आले. रीस गार्डनर या अमेरिकन मल्लाने तेथे त्यांना शिकविले. चार वर्षांनी ते वरच्या, म्हणजे ५७ किलोच्या गटात उतरले आणि कॅनडा, मेक्सिको व जर्मनीच्या मल्लांना हरवून कांस्यपदक घेऊन आले. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. मातीतला हा डाव गादीवर नेताना त्यांनी काय सोडले, काय नवे उचलले, याची चिकित्सा कोणा जाणकाराने करायला हवी होती. ते राहून गेले.

त्याऐवजी आपण एक हळहळ जपली. विश्रांती न देता त्यांना रशियाच्या ममेदबेकोव्हशी झुंजविले आणि बाजू मांडायला आपला एकही अधिकारी तेथे नव्हता, असे सांगतात. तसे झाले असेल तर तो अन्यायच होय. परंतु या हळहळीत सुवर्णपदक नेणारा जपानचा इशिई झाकला जातो. तोही मूळचा ज्यूदोतला, कुस्तीत मागाहून आलेला; हेलसिंकीत जपानला मिळालेले एकमेव सुवर्ण त्याचे. दोन देशी विद्यांचे दोन वारस एकाच गादीवर! असा सामना एखाद्या कादंबरीकाराला सुचता तर आपण त्याची पाठ थोपटली असती. चरित्रकार तो एका वाक्यात उरकतात.

आणि केशव माणगावे? तेही कोल्हापूरच्याच तालमीतले, त्याच हेलसिंकीत ६२ किलो गटात चौथे आलेले. त्यांच्यासाठी तर ते एक वाक्यसुद्धा बहुधा उरत नाही.