व्हिसलजॅकेट घोड्याचें चित्र: दोन आख्यायिकांचें परीक्षण

इंग्रज चित्रकार जॉर्ज स्टब्ज यानें इ. स. १७६२ च्या सुमारास काढलेलें व्हिसलजॅकेट या शर्यतीच्या घोड्याचें चित्र १९९७ पासून लंडनच्या नॅशनल गॅलरीच्या संग्रहीं आहे. चित्राची उंची सुमारें साडेनऊ फूट. तांबूस अंगाचा, फिकट आयाळीचा घोडा मागील पायांवर उभा आहे. स्वार नाहीं, खोगीर नाहीं, लगाम नाहीं. हा घोडा १७४९ सालचा, गोडॉल्फिन अरब या नामांकित घोड्याचा नातू. १७५९ सालीं यॉर्क येथें चार मैलांच्या शर्यतींत त्यानें २००० गिनींची पैज जिंकली. त्याचा धनी रॉकिंगहॅमचा मार्क्विस. हा पुढें दोनदां इंग्लंडचा मुख्य प्रधान झाला.

पहिली आख्यायिका अशी कीं, या घोड्यावर तिसऱ्या जॉर्ज राजास बसवावयाचें होतें. परंतु मार्क्विसाचें राजाशीं बिनसल्यामुळें चित्र अपुरें राहिलें. आमच्या मतें हें टिकत नाहीं. मागील खुरांपाशीं सावल्या रंगविल्या आहेत. त्याअर्थी रिकामी भूमिका हेतुपुरस्सर ठेविलेली आहे. शिवाय याच धन्यासाठीं स्टब्जनें घोड्या व शिंगरें यांचें चित्रही असेंच पार्श्वभूमीवांचून काढिलें. तेथें कोणता राजा बसावयाचा होता?

दुसरी आख्यायिका: स्वतःचें चित्र पाहून घोडा त्यावर चवताळून गेला. ॲपेलीजनें काढलेला घोडा पाहून जिवंत घोडे खिंकाळले, असें प्लिनी लिहितो. शाकुंतलाच्या सहाव्या अंकांत दुष्यंत चित्रांतील भ्रमरास खरा समजून दटावितो. चित्राच्या स्तुतीची ही जुनी रीत आहे. तीस प्रमाण मानूं नये.

खरें प्रमाण निराळेंच आहे. स्टब्जनें हॉर्कस्टो गांवीं सुमारें दीड वर्ष मृत घोड्यांचें विच्छेदन करून आकृत्या काढिल्या व १७६६ सालीं अश्वशरीरावर ग्रंथ प्रसिद्ध केला. ही मेहनत या चित्राच्या प्रत्येक स्नायूंत दिसते. म्हणूनच घोड्याच्या जिंकलेल्या पैजा विसरल्या गेल्या तरी त्याचें शरीर साधनरूपानें उरलें.

आमच्या इतिहासास यांतून बोध घेण्यासारखा आहे. चित्र झालें तें पानिपतानंतर वर्षभरानें. त्या काळीं मराठ्यांचें सामर्थ्य घोड्यावर होतें. बारगीर व शिलेदार हा भेदच मुळीं घोडा कोणाचा यावर होता. तरी आमच्या कागदांत घोडे हजारांनीं मोजलेले आढळतात, नांवानें क्वचित्. चित्रावर स्वाराचें नांव असतें, घोड्याचें बहुधा नसतें. भीमा-नीरेच्या खोऱ्यांतील भीमथडी घोड्याचें पूर्वरूप ठरवावयाचें तर नुसत्या कीर्तीनें भागणार नाहीं. वाड्यांतील भित्तिचित्रें व दप्तरांतील चित्रें यांतील घोड्यांचा बांधा, रंग व साज यांची नोंद व्हावी, आणि ती जयदत्ताच्या अश्ववैद्यकांतील लक्षणांशीं ताडून पाहावी. भिंतींचे पोपडे दरवर्षीं गळत आहेत. हें काम लांबणीवर टाकण्याजोगें नाहीं.

पाली (जि. बीड)