‘धर्मनिरपेक्ष’ या शब्दाची अर्थमर्यादा

भारतीय संविधानाच्या मराठी उद्देशिकेत ‘धर्मनिरपेक्ष’, तर हिंदी पाठात ‘पंथनिरपेक्ष’ असे विशेषण योजिलेले आढळते. मूळ इंग्रजी शब्द ‘सेक्युलर’ हा एकच. हा भेद केवळ रुचीचा नव्हे; राज्य आणि धर्म यांचा संबंध आपण कसा कल्पितो, याचा तो निदर्शक आहे.

प्रथम इतिहास पाहू. १५ नोव्हेंबर १९४८ रोजी के. टी. शहा यांनी हा शब्द घटनेत घालण्यासाठी मांडलेली दुरुस्ती संविधान सभेने फेटाळली. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी उद्देशिकेचा आरंभ ईश्वराच्या नावाने करावा, ही ह. वि. कामत यांची सूचनाही ४१ विरुद्ध ६८ मतांनी नामंजूर झाली. सभेने ईश्वराचे नाव नाकारले आणि विशेषणही टाळले. राज्याची सत्ता लोकांपासून उगम पावते, एवढेच सांगितले. ‘सेक्युलर’ हे विशेषण उद्देशिकेत आले ते १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने.

‘पंथनिरपेक्ष’ या शब्दाचे पुरस्कर्ते म्हणतात की, ‘धर्म’ या शब्दात कर्तव्य व नीती यांचाही अंतर्भाव होतो; त्यांविषयी राज्य निरपेक्ष कसे राहील? कोशाच्या दृष्टीने हा आक्षेप खोटा नाही. परंतु शब्दाचा अर्थ प्रयोगाने ठरतो. धर्म, वंश, जात इत्यादी कारणांवरून भेदभावास मनाई करणाऱ्या कलम १५ मध्ये ‘धर्म’ म्हणजे ‘कर्तव्य’ असे कोणीही समजत नाही. आणि तेथे हिंदी पाठातही ‘धर्म’ हाच शब्द आहे.

आमच्या मते खरी अडचण उत्तरपदात आहे. ‘निरपेक्ष’ म्हणजे अवलंबून नसलेला. आणि उदासीन, असाही. दुसरा अर्थ घेतला तर तो घटनेशीच विसंगत ठरतो. कलम १७ अस्पृश्यता नष्ट करते. हिंदूंच्या सार्वजनिक धर्मसंस्था सर्व वर्गांना खुल्या करणारा कायदा करण्याचा अधिकार कलम २५ राज्याला देते. देवळाच्या दाराशी अडविलेल्या माणसाविषयी हे राज्य उदासीन नाही. त्याच वेळी, विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी कर देण्याची सक्ती कोणावरही करता येणार नाही, असे कलम २७ बजावते.

सारांश, राज्याची सत्ता आणि नागरिकाचा हक्क धर्मावर अवलंबून नाहीत, हा पहिला अर्थच ग्राह्य होय. तो स्वीकारला तर ‘धर्मनिरपेक्ष’ हा शब्द टाकण्याचे प्रयोजन उरत नाही. तो विसरला तर पर्यायी शब्दही आपले रक्षण करणार नाही.