यातुविद्येचा पदव्युत्तर अभ्यास : काही आक्षेप

इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठाने २०२४ मध्ये यातुविद्या व गूढशास्त्र या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. त्यात जादू शिकविली जात नाही. जादूवरील श्रद्धेचा इतिहास, साहित्य व तत्त्वज्ञान अभ्यासले जाते. वर्धा जिल्ह्यातील विद्यार्थ्याला त्यासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. मराठीतील लोकसाहित्य, संस्कृतमधील अथर्ववेद हे मार्ग आहेतच. शिवाय वर्ध्याच्याच महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात मानवविज्ञान विभाग आहे.

अडचण क्षेत्रकार्याची आहे. 'गावात करणी कोण करते?' असे प्रश्नावली विचारते, तेव्हा उत्तरात बहुधा एखाद्या निराधार स्त्रीचे नाव येते. अमुक व्यक्ती करणी करते असे भासविणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये अपराध आहे. संशोधकाने (तोही सद्हेतूनेच!) विचारले म्हणून त्या स्त्रीवरील संशय सौम्य होत नाही, उलट, महाविद्यालयातून आलेल्या माणसाने वहीत टिपल्यामुळे त्याला वजन येते. तेव्हा करणी कोण करते यापेक्षा आजार, अपमृत्यू वा शेताचा तंटा यांतून संशय कसा आकार घेतो, हे विचारणे शास्त्रीयदृष्ट्याही अधिक फलदायी आहे. प्रबंधाच्या परिशिष्टात निवेदकांची नावे व गावे छापण्याची लोकसाहित्य-संशोधनातील रीत या विषयापुरती तरी मार्गदर्शकांनी मोडावी.